मे महिन्यात उपसलेली विहीर

नाशिक,
२२ फेब्रुवारी २००४

ती. आक्कास केसरीनाथचा सा. न. वि. वि.

आम्ही इथे ठीक आहोत. तुझी खुशाली विचारायला हात धजत नाही, पण ती विचारल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही, म्हणून विचारतो. वेळेवर जेवतेस का?

भावजींना जाऊन आज महिना आणि नऊ दिवस झाले. तेरावं आटोपून मी निघालो, तेव्हा तू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होतीस. मी पाया पडलो तर सुपातून मान वर न करता म्हणालीस, की निघ, अंबाडीची गाडी चुकेल. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तू रडली असतीस तर मला इतकी काळजी वाटली नसती.

निशाचं आणि माझं बोलणं झालं आहे. आता तू इकडेच यायचं. मागची खोली तुझी. उन्नतीची बारावीची परीक्षा एकदा झाली, की तिची पुस्तकं बाहेर काढून खोलीला रंग देऊन घेतो. इथे नळाला दोन्ही वेळ पाणी आहे, डॉक्टर खालच्या मजल्यावर राहतात, वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. तिकडे काय आहे सांग. भावजींच्या छातीत कळ आली, तर जीप मिळेपर्यंत पाऊण तास गेला. ज्या माणसाने एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी करून निम्म्या तालुक्याला दवाखान्यात पोचवलं, त्याच्यासाठी गाडी नव्हती. हे मला विसरता येत नाही. तुम्हाला मूलबाळ असतं तर गोष्ट वेगळी होती. आता तुझं बघणारा मीच.

अक्षय्यतृतीयेपर्यंत काय ते ठरव. निशाचा आणि उन्नतीचा नमस्कार.

लोभ आहे तेवढा पुरे, पण तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
केसरीनाथ


दिघाशी, ता. भिवंडी,
३ मार्च २००४

चि. केसरीनाथ यास हौसाआक्काचे अ. उ. आ.

पत्र पावलं. कडेला निशाने बारीक अक्षरात विचारलं आहे, की वन्सं फोन का करत नाहीत. तिला सांग, गावात फोन एकच. तो शेजारच्या विठूच्या दुकानात, मिठाच्या गोणीवर. तिथे बोलायचं म्हणजे ग्रामसभेत बोलायचं. मागे तू विचारलंस झोप लागते का, आणि मी नाही म्हणाले, तर दिवेलागणीपर्यंत माझ्याकडे तीन घरांतून जायफळ आलं. म्हणून पत्र. पोस्टमन अजून तरी पाकिटं फोडत नाही.

जेवणाचं म्हणशील तर माझी चूल पेटूच द्यायची नाही असं बायांनी ठरवलेलं दिसतं. दुखवट्याचे दिवस सरले तरी त्यांच्या पाळ्या चालू आहेत. सकाळी भाकरी-पिठलं, संध्याकाळी भात आणि सुकटीचं कालवण. जी आणते ती समोर बसून माझे घास बघते. परवा अर्धा भात उरला. ते आधी शेजारी कळलं, मग पाणवठ्यावर, आणि सकाळी विठूची आई विचारायला आली की भात खारट झाला होता का. पलीकडच्या सीताबाईची जीभ तुला आठवत असेल. ऐंशीला टेकली, पण जीभ अजून पंचविशीतच आहे. तीसुद्धा येते, कोपऱ्यात बसते आणि गोड बोलून जाते.

तू रडण्याचं लिहिलंस. नाथा, रडू येत नाही. फार दुःख होतं असंही नाही. चहात साखर आहे हे जिभेला कळतं, पण चहा गोड लागत नाही, तसं काहीतरी झालं आहे. बाया ह्यांच्या आठवणी काढतात, मधेच थांबतात आणि माझ्या डोळ्यांकडे बघतात. मी त्यांना बसायला पाट देते. एकीने अंगारा आणला. एकीने सुचवलं, की हिला एकदा जोरात रडवा, नाहीतर आतल्या आत कुढेल. गावात दुःखसुद्धा आपलं आपल्याला करू देत नाहीत बघ. आणि एकटी पडले म्हणून कुरकुर करावी, तर तीही सोय नाही.

येण्याचं मला काही सुचत नाही. थोडा वेळ दे.

आठवण काढत जा. रोज नको, कामं अडतील.
तुझी,
आक्का


नाशिक,
२० मार्च २००४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

आज जरा रागाने लिहितो आहे, माफ कर. परवा विठूशी फोनवर बोललो. तो चाचरत म्हणाला, की वैनी भर दुपारी विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहतात, हंडा न घेता, अर्धा-अर्धा तास. आमी लक्ष ठेवून हाव, म्हणाला, पण बाईमानसाला किती इचारनार. आक्का, हे काय आहे?

मी शाळेसाठी सात वर्षं तुझ्याकडे राहिलो. ते गाव मला पाठ आहे. तिथलं प्रेमही माहीत आहे आणि त्याच प्रेमाने नववीत मी नापास झाल्याची बातमी, मी घरी पोचायच्या आत तुला कशी दिली होती, तेही माहीत आहे. तुला तिथे बरं वाटत असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण तुला तिथे काहीच वाटत नाही, असं तूच लिहितेस. मग इथे येऊन काही वाटेनासं झालं तरी बिघडलं कुठे? निदान डॉक्टर तरी जवळ असेल.

उन्नतीचे पेपर ठीक जात आहेत. ती म्हणते आत्या आली की मी बाहेरच्या खोलीत झोपेन. उत्तर लगेच धाड.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारा,
केसरीनाथ


दिघाशी,
१२ एप्रिल २००४

चि. केसरीनाथ यास अ. उ. आ.

विहिरीचं विठूने तुला कळवलंच. मी म्हटलंच होतं, इथे माणूस शिंकलं तरी नाशिकला ऐकू जातं. दुपारी तिथे गार असतं, म्हणून उभी राहते. आतल्या कपारीत पारवे आहेत, ते बघते. तू भलतंसलतं मनात आणलं आहेस ते मला समजलं. जीव नकोसा व्हायलाही काहीतरी वाटावं लागतं रे. मला तेवढंही वाटत नाही. तेव्हा उगाच घाबरू नकोस.

मी येते. कुठे राहायचं, ह्याने ज्याला फरक पडतो त्याने ते ठरवावं, असं मनाशी म्हटलं. मला पडत नाही, तुला पडतो. सीताबाईच्या नातीचं लग्न तेवीस मेला आहे, ते झालं की महिनाअखेरीस निघते. घराची किल्ली विठूकडे राहील. तो ओटीवर कांदे ठेवणार आहे, ठेवू दे.

मी जाणार हे विठूला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. कुणी थांब म्हणालं नाही. भावाकडे जाते तर बरंच आहे, म्हणाले आणि कामाला लागले. आतापर्यंत तांदळाच्या पापड्या, आंबोशी, कुळीथ आणि एक जिवंत कोंबडी आली आहे. कोंबडी एस.टी.त कशी आणायची ते कळव. विहिरीला यंदा दीड पुरुष खोल पाणी आहे, जपून वापरलं तर मिरगाच्या पावसापर्यंत पुरेल असं सगळे म्हणतात. बाकी नवीन काही नाही.

निशाला म्हणावं, वन्संसाठी फार धावपळ करू नकोस.
तुझी,
आक्का


नाशिक,
१६ मे २००४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

शुक्रवारी रात्री सुखरूप पोचलो. तीन दिवस तुझ्यासमोर बसून होतो आणि एक वाक्य धड बोललो नाही. तूही नाहीस. समोरासमोर जमलं नाही ते लिहून बघतो.

मंगळवारी सकाळी साडेनऊला कचेरीत विठूचा फोन आला. त्याला धाप लागली होती. हंडा हाय, चपला हायत, वैनी न्हाय, एवढंच तो तीनदा म्हणाला. मग म्हणाला, पानी उपसायला घेतलंय, तुमी निघा. मी फोन ठेवला आणि हातातली फाईल पुरी केली. शेवटच्या पानावर सही केली, शिक्का मारला, शाई वाळली का बघितलं आणि मग उठलो. का ते माहीत नाही. गाडीत बसल्यावरही मला काही वाटत नव्हतं. तू जे लिहितेस ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

कसाऱ्याच्या घाटात माझ्या मनात आलं, की आता मागची खोली रंगवायला नको. आक्का, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, निशालासुद्धा नाही. तू गेलीस असं धरून चाललो होतो, आणि मनात आला तो रंग. तुला ये-ये म्हणून मी पत्रं लिहिली, ती खोटी नव्हती. पण तू वेळ मागितलास, की सुटल्यासारखंही वाटायचं. निशाचा ह्यात काडीचा दोष नाही. मीच तसा आहे. तू मला वाढवलंस आणि मी असा निघालो, ह्याची लाज वाटते.

फाट्यावर उतरून चालत आलो, तर रस्त्याकडेच्या शेतात चिखल. मे महिन्यात. वाटलं मी दुसऱ्याच गावी उतरलो. विहिरीभोवती अख्खा गाव, जमिनीवर गंजलेल्या बादल्या मांडलेल्या, आणि तू आपल्या दारात बसलेली. अनवाणी, पाय धुळीने भरलेले, मांडीवर प्रसादाची पुडी. मी तुला विचारलं, जेवलीस का.

तू कुठे गेली होतीस ते गावाने सांगितलं. का गेलीस ते तू सांग.

तुझा,
केसरीनाथ


दिघाशी,
२० मे २००४

चि. केसरीनाथ यास अ. उ. आ.

खोलीच्या रंगाचं वाचलं. रागावले नाही. मला ते माहीतच होतं. दोन खोल्यांच्या घरात मोठी बहीण येणार म्हटल्यावर कुणालाही तसं वाटेल. तू एवढं खरं ह्याआधी कधी लिहिलं नव्हतंस, म्हणून मीही सगळं लिहिते.

त्या दिवशी पहाटे हंडा घेऊन विहिरीवर गेले. चपला खाली काढल्या. पिण्याच्या पाण्याच्या ओट्यावर आपल्याकडे कोणी चपला घालून चढत नाही, त्यावरून तूही लहानपणी मार खाल्ला आहेस. हंडा भरून काठावर ठेवला. तेवढ्यात वळणावर तिघी-चौघी येताना दिसल्या आणि मला त्यांचा प्रश्न आधीच ऐकू आला, की रात्री झोप लागली का. तो प्रश्न मला त्या दिवशी नको होता, एवढंच. मागच्या पायवाटेने अंबाडीला चालायला लागले. अर्ध्या वाटेवर खडा टोचला, तेव्हा कळलं पायात चपला नाहीत. परत फिरावंसं वाटलं नाही.

अंबाडीला जीप उभी होती, गणेशपुरीची. बसले. कुंडात आंघोळ केली, पाणी गरम आहे एवढं कळलं. शेजारी आश्रमातली एक गोरी बाई होती, तिने हसून जागा करून दिली. ती माझ्या नवऱ्याला ओळखत नव्हती. उसळ-पाव खाल्ला, देवळामागच्या झाडाखाली आडवी झाले आणि दुपारभर झोपले. चार महिन्यांत तशी झोप नव्हती. जागी झाले तेव्हा क्षणभर मी कोण, कुठली, काही आठवेना. फार बरं वाटलं. मग प्रसाद घेतला आणि चारच्या एस.टी.ने निघाले. घरी कुणाला सांगायला हवं होतं, हे मला त्या वेळेपर्यंत सुचलंच नव्हतं.

इकडचं पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बायांनी हंडा बघितला, चपला बघितल्या आणि बोंब उठली. पोलीस पाटील म्हणाले, ठाण्यात कळवण्याआधी आपण बघून घेऊ. पोरांनी बुड्या मारल्या, हाती काही लागेना. मग कळशा काढायचा गळ टाकला. तो खाली कशाला तरी अडकला आणि हलेना. झालं, सगळ्यांची खात्री पटली. विठूने काकडीच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन उचलून आणलं. नऊपासून तीनपर्यंत ते चालू होतं. तीनला तळ दिसला, तर गळ अडकला होता एका जुन्या घंगाळात.

आता हे ऐक, कारण मला हे कुणी सांगत नव्हतं, विठूच्या आईकडून काढून घ्यावं लागलं. ते पाणी सहा तास वाहत होतं आणि एकाही बाईने त्यातली कळशी भरून घेतली नाही. ज्या पाण्यात मी होते, ते चुलीवर कसं ठेवायचं? मिरगापर्यंतचं पाणी गावाने डोळ्यांदेखत नाल्याला जाऊ दिलं. कुणी म्हणालं नाही की थांबा, आधी चार हंडे भरून घेऊ.

मी पाचच्या सुमारास आले. दोघी जावा चिखलातून निघालेल्या एका कळशीवरून भांडत होत्या. मला बघून दोघींनी कळशी सोडली. मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. विठू कठड्याला टेकून बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. पहाटे मी भरलेला हंडा काठावर तसाच होता. विहिरीच्या पाण्यातलं तेवढंच शिल्लक. बायांनी तो उचलून माझ्या घरी आणला आणि त्याचा चहा करून मला पाजला. तू आलास तेव्हा तुला दिला तोही त्यातलाच.

आज नऊ दिवस झाले. झऱ्याला दिवसाला वीतभर पाणी येतं, तेही गढूळ. बाया तानसा नदीच्या डोहावर जातात, येऊन-जाऊन तास जातो. मी निघाले तर हातातला हंडा काढून घेतात आणि भरलेला माझ्या दारात ठेवून जातात. ह्यांचे स्नेही मजीदभाई, भिवंडीत कापडाचे लूम चालवतात, त्यांनी तेवीसच्या लग्नासाठी एक टँकर पाठवायचं कबूल केलं आहे. मला कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही. जेवण येतं, आणणारी समोर बसते, झोपेचं मात्र आता विचारत नाही. हे सगळं मी बघते आहे आणि माझ्या आत काही हलत नाही. नाथा, मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

तुझी,
आक्का


नाशिक,
२६ मे २००४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र निशाला वाचून दाखवलं, माझं खोलीचं कबूल केलेलंही सांगून टाकलं. ती दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन रंगाचा डबा घेऊन आली. फिकट पिवळा. खोली रंगवून झाली आहे. खिडकीला पडदा लावला, पलंगाखाली तुझी ट्रंक बसेल एवढी जागा ठेवली.

आता पाण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू मुद्दाम केलं नाहीस, हे सगळ्यांना समजतं. इथे तुला कोणी त्यावरून कधी काही म्हणणार नाही, झोपेचंही विचारणार नाही. हवं तेव्हा दार लावून बस. मी उन्नतीलाही बजावून ठेवलं आहे.

लग्न पार पडलं असेल. एकतीस तारखेला सोमवारी मी रजा टाकून येतो, जीप सांगून ठेवली आहे. कोंबडी चालेल.

तू ये, बाकी सगळं होतं,
केसरीनाथ


दिघाशी,
२९ मे २००४

चि. केसरीनाथ यास अ. उ. आ.

हे पत्र विठूचा मेव्हणा हाताने आणून देईल. तो उद्या नाशिकला निघाला आहे. जीपवाल्याला नको म्हणून सांग. मी येत नाही.

लग्न झालं. मी गेले नाही. हळदीच्या मांडवात विधवेला काम नसतं, ते एक झालं, आणि पाण्याच्या पिंपांकडे बघवेना, ते दुसरं. दार ओढून घरात बसले. टँकर आला, पण उशिरा आला आणि अर्धा आला. काल दुपारी सीताबाई आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ओट्यावरच काठी आपटली आणि सुरू झाली.

म्हणाली, की हौसे, तू मेली असतीस तर आमी रडलो असतो, दहाव्याला जेवलो असतो आन गप बसलो असतो. तू जित्ती हायस आन पानी गेलं, त्याचं काय? माझ्या नातीची हळद गढूळ पान्यानं झाली, व्याह्यांना पाय धुवायला अर्धा तांब्या दिला, ते तोंडावर हसले. मांडवात तुला चालत न्हाय, कबूल, पर मागल्या दारी भांडी घासायला कुनी मना केली व्हती? कंडक्टरभाऊ काय तुझा एकटीचा गेला? माझ्या पोराला साप चावला तवा त्यानं गाडी कुठंबी न थांबवता भिवंडीला नेली व्हती. तो गेला तवा आमीबी रडलो, आन दुसऱ्या दिवशी पान्याला गेलो. तुला पाच म्हयने झाले तळहाताच्या फोडावानी जपतोय, आन तू निगालीस भावाकडं, जशी कुनी तुझं कायबी लागत न्हाय.

आळीतली सगळी दारं उघडली. विठूची आई तिला आवरायला धावली, तिलाही तिने काठी दाखवली. आणि मला, नाथा, राग आला. मीही आवाज चढवला. म्हणाले, मी सांगितलं होतं का इंजिन लावायला? चपला बघून अख्खी विहीर उपसायची अक्कल कुणाची? एक दिवस थांबला असता तर मी आलेच असते ना चालत.

त्यावर तिने उगारलेली काठी खाली टेकवली. मग म्हणाली, की मंग काय तुला खाली तशीच ठिवायची व्हती?

मला तिथेच रडू फुटलं. किती वेळ ते माहीत नाही. ह्यांच्यासाठी रडले, पाण्यासाठी रडले, आणि ते सगळे माझ्यासाठी सहा तास कठड्यावर वाकून उभे होते आणि मी झाडाखाली झोपले होते, त्यासाठीही रडले. बाया जमल्या. सीताबाईने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. रडू द्या तिला, म्हणाली, लई उशीर केलाय. स्वतः मात्र तिथेच काठीवर हनुवटी टेकून बसून राहिली.

सगळं परत आलं असं समजू नकोस. चहा अजून तसाच लागतो. पण एवढं कळलं की मी तुझ्याकडे यायचं नाही. तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगले वागाल. तू मुलीला बजावून ठेवलं आहेस, की आत्याला काही बोलायचं नाही. मला काही बोलायचं नाही, मी काही चुकू शकत नाही, असं कुणी ठरवलं, की मी तुमच्या त्या पिवळ्या खोलीत आहे तशीच राहीन, आणि तुम्हीही दबून राहाल. इथे डॉक्टर नाही, मला कळ आली तर जीप मिळायला पाऊण तास लागेल. माझ्या घरात काय शिजलं हे सगळ्यांना कळेल आणि झोप लागली का हे मरेपर्यंत विचारतील. ते सगळं धरून सांगते. आणि तू सुटलास असं वाटलं, तर वाटू दे. मी काही मनात धरणार नाही. निशाला सांग, तिच्या रंगाच्या डब्याने मला खरंच भरून आलं. खोली उन्नतीला परत दे.

बाकी विशेष नाही. सीताबाईने मला दंड ठोठावला आहे. विहिरीला पुरेसं पाणी येईपर्यंत तिच्या घरचे रोज तीन हंडे मी डोहावरून आणायचे. माझ्या वयाला तीन झेपत नाहीत, मी दोन कबूल केले. ती तीनवर अडून बसली आहे. सकाळी त्यावरून आमचं पुन्हा वाजलं. आज मी दोन नेऊन ओतले आणि सरळ घरी आले. ती दारात बसून तिसऱ्याची वाट बघते आहे, मला इथून दिसते. बसू दे.

दिवाळीला आठ दिवस येईन, तेव्हा भांडायची तयारी ठेव.
तुझी,
आक्का